कुलाबा स्टेशनची साक्ष

बुधाजी गमरे पोलिसांचा माणूस आहे, असं आमच्या चाळीत पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मी म्हणालो नव्हतो. पण जे म्हणत होते त्यांच्यात मी बसत होतो, आणि घरी येऊन बायकोला सांगताना मी "म्हणे गमरेबाबा पोलिसांना बातम्या देतात" असं सांगितलं होतं. "म्हणे" हा शब्द घातला की आपल्यावर काही येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

हे छप्पन्न सालचं आहे. परळची आमची चाळ, चार मजले, मजल्यावर वीस खोल्या. बहुतेक आम्ही महाड-पोलादपूरकडचे, बाबासाहेबांना मानणारे, गिरण्यांत कामाला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून जानेवारीत मोर्चे निघाले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. ते निवल्यावर फेब्रुवारीत आमच्या चाळीच्या मंडळानं मागच्या तालमीत सकाळी नऊला एक बैठक ठेवली. नऊ वाजून पाच मिनिटांनी पोलिसांची गाडी आली आणि पाच जणांना घेऊन गेली. त्यांत कोंडीरामचा धाकटा भाऊ आनंदा होता. कोंडीराम मंडळाचा सेक्रेटरी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. रात्रपाळी सुटायला उशीर झाला म्हणून तो स्वतः वाचला, आणि तेच त्याला जास्त लागलं.

बैठकीचं वीस-पंचवीस माणसांना ठाऊक होतं. पण सगळ्यांची नजर एकाकडेच गेली.

त्याला कारण होतं. आदल्या दिवशी कोंडीराम जिना उतरताना गॅलरीत बसलेल्या बुधाजीला हळूच म्हणाला होता, "बाबा, उद्या नऊला, तालमीत. बोलू नका कुणाला."

बुधाजी उठून ताठ उभा राहिला. हात मांड्यांना लावले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उद्या नऊला, तालमीत. कुणाला बोलायचं नाही."

गॅलरीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एकजण म्हणाली, "बाबा, चौथ्या माळ्याला नीट ऐकू नाय गेलं, परत सांगा." कोंडीरामही हसला होता. कारण ही बुधाजीची सवय सगळ्यांना माहीत होती. तो रेल्वेत सांधेवाला होता, म्हणजे केबिनमध्ये उभा राहून दांडे ओढून रूळ बदलणारा. तिथं वरून आलेला हुकूम शब्दाला शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, असा नियम. नोकरी संपली तरी ते तोंडातून गेलं नव्हतं. "येताना काडेपेटी आणा" म्हटलं तरी तो "येताना काडेपेटी" असं म्हणून मगच चपला घालायचा.

पोलीस येऊन गेल्यावर मात्र त्याचं कुणाला हसू येईना. मुद्दाम ओरडला, म्हणजे ऐकणाऱ्यानं ऐकावं, असं लोक म्हणू लागले.

आणि एकदा असं बघायला लागल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. दर रविवारी सकाळी बुधाजी रेल्वेचा जुना खाकी कोट घालून ट्रामनं जायचा आणि दोनच्या सुमाराला वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं घेऊन परत यायचा. कुठे जाता म्हणून विचारलं तर सांगायचा, "रेल्वेच्या स्टेशनात. कुलाब्याला."

आता, चर्चगेटला लाइन संपते हे शेंबड्या पोरालाही माहीत. कुलाब्याला रेल्वेचं स्टेशन नाही. पूर्वी होतं. चर्चगेटच्या पुढे समुद्राच्या कडेनं लाइन कुलाब्यापर्यंत जायची आणि तीस साल संपता संपता ते स्टेशन बंद झालं, हे मी नंतर शिकलो. आमच्यातले बरेचजण त्यानंतर मुंबईला आलेले, आणि आधी आलेल्यांनाही साहेबांच्या त्या भागात जायचं कारण नव्हतं. आमची मुंबई लालबागपर्यंत, फार तर बोरीबंदरपर्यंत. चाळीत सगळ्यांत म्हातारे तात्या. त्यांना विचारलं तर म्हणाले, "होतं, होतं. कुलाब्याला होतं." मग जरा विचार करून, "का बॅलार्ड पिअरला होतं?"

"तात्या, तुम्ही झोपा," कोंडीराम म्हणाला.

शेवटी बुधाजीला मंडळाच्या खोलीत बोलावलं. तो आला आणि बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

"कुलाब्याला स्टेशन कुठं आहे बाबा?"

"होतं. तीस सालापर्यंत. मी चौदा वर्षं होतो तिथं."

"आणि आता?"

"आता नाय."

"मग नसलेल्या स्टेशनात दर रविवारी कसली ड्यूटी करता?"

खोलीत हशा झाला. तो थांबल्यावर बुधाजी म्हणाला, "बसतो."

"बसतो! कुणाजवळ बसता?"

"पुतळाबाई म्हणून कोळीण आहे. त्या जागेवर मासळी सुकवते. मी केबिनला होतो तेव्हापासूनची ओळख आहे."

"अरे, ही भानगड नवीनच!" मागून कुणीतरी म्हणालं. "जाईकाकींना माहीत आहे का?"

बुधाजीची बायको जाईबाई दारातच उभी होती. ती म्हणाली, "माहीत आहे. ती देते ते बोंबील मीच तळते. वास तुझ्या घरापर्यंत येतो, तेव्हा नाही विचारलंस."

यावरही लोक हसले, पण कोंडीराम हसला नाही. तो म्हणाला, "ठीक आहे. येत्या रविवारी शामराव तुमच्याबरोबर येईल. तुम्ही तिथं नोकरीला होता आणि रविवारी तिच्याकडेच जाता, दुसऱ्या कुणाला भेटत नाही, असं त्या बाईनं सांगायचं. हा लिहून घेईल. खाली बाईचा अंगठा. अंगठा आला तर सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन. नाही आला तर त्या दिवसापासून तुमचं घर मंडळाला नाही. पाणी नाही, लग्न नाही, मयत नाही."

जाईबाई म्हणाली, "गावात विहिरीवर चढू देत नव्हते, कोंडीराम. पण ते परके होते."

कोंडीराम खाली बघून म्हणाला, "काकी, माझा भाऊ आत आहे."

शामराव म्हणजे मी. गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, अक्षर बरं होतं, आणि कुणाच्या बाजूनं बोलायची मला सवय नव्हती. म्हणून मला पाठवलं असावं.

रविवारी आम्ही ट्रामनं बोरीबंदरला आणि तिथून बसनं निघालो. मी त्याच्या मागेच बसलो, म्हणजे तो कुणाला खूण करतो का ते दिसेल. बोरीबंदरच्या स्टॉपवर एक हवालदार उभा होता. तो बुधाजीकडे बघून म्हणाला, "काय बाबा, रविवार वाटतं आज?"

बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, "तो ओळखीचा?"

"दर रविवारी तिथंच उभा असतो. नाव नाय ठाऊक. त्यालाही माझं नाय."

मला ते पटलं नाही. पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. निदान मला तसं वाटलं.

वाटेत तो आपणहून बोलू लागला. पंधराव्या वर्षी मामाबरोबर आगबोटीनं मुंबईला आला. मामा कुलाब्याला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांखाली खडी ठोकायला, तिथंच हाही लागला. खाली खडी ठोकता ठोकता वर केबिनमध्ये कोणता दांडा ओढला की कोणता रूळ सरकतो ते बघून ठेवलं. एकदा केबिनवाल्याचा हात मोडला. माणूस नव्हता म्हणून साहेबानं याला वर उभा केला आणि एक हुकूम सांगितला. यानं जसाच्या तसा परत म्हटला. दुसरा सांगितला, तोही म्हटला. "जात नाय विचारली. चुकतो का तेवढं बघितलं," बुधाजी म्हणाला. "गव्हर्नर साहेबाची गाडी माझ्या हातानं आत घेतली आहे मी. गावच्या पाटलाला सांगितलं तर खरं वाटलं नाय त्याला."

स्टेशन बंद झालं त्या दिवशी त्यानं सगळे दांडे तेलानं पुसले आणि केबिनची किल्ली दिली. मग त्याला परळच्या कारखान्यात टाकलं, डबे झाडायला. तिथं चोवीस वर्षं काढून आदल्या वर्षी निवृत्त झाला. "तिथं हुकूमच नव्हते," तो म्हणाला. "झाडू द्यायचे, बस." कुलाब्याची जागा बघायला तो सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला तो कारखान्यात आल्यापासून. मी ऐकत होतो, पण मनात हेही होतं की पंचवीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनासाठी माणूस दर रविवारी कशाला तिकडे जाईल?

कफ परेडच्या अंगाला कोळ्यांची वस्ती आहे. तिच्या अलीकडे मोकळं मैदान होतं. बांबूंवर दोऱ्या बांधून बोंबील लटकवलेले, आणि मधोमध एक दगडी जोतं. बुधाजी सरळ जाऊन त्या जोत्यावर बसला.

"आयलास काय रं केबिनवाल्या?" लांबूनच आवाज आला. "आज वऱ्हाड घेऊन?"

ही पुतळाबाई. पन्नाशीची, काळी, दणकट, नाकात मोठी नथ. मला बघून म्हणाली, "हा कोन? जावई?"

"चाळीतले आहेत. शामराव."

"बस रं बाबा. चाय पितोस ना?" तिनं पितळेच्या पेल्यात चहा दिला आणि काही न विचारता बोलू लागली. "ह्याला विचार, माझी पाटी सांडली तवा कसा हसला हा. पहाटची गाडी पकडाया मी रूळ वलांडून धावते, पाय अडकला, सगली कोलंबी रुलावर. नि हा वर उभा राहून दात काढतोय. मी खालून दिल्या शिव्या. तर वरून बोलतो काय, बाई, रुलावरून बाजूला व्हा."

"गाडीला सिग्नल दिला होता," बुधाजी म्हणाला.

"गाडीला दिला होता म्हनं! मग थांबवून धरलीस का नाय, मी कोलंबी उचलेस्तवर?"

बुधाजी हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिला आणखी पाच मिनिटं बोलू दिलं असतं तर मला हवं ते सगळं आलं असतं. पण मला कोंडीरामचे शब्द आठवले. मी खिशातून कागद आणि पेन काढलं, आणि म्हणालो, "बाई, म्हणजे इथं रेल्वेचं स्टेशन होतं, हे नक्की ना?"

तिचं बोलणं तोडल्यासारखं थांबलं.

"कागूद कशाला काढलास?"

"लिहून घ्यायला. इथं स्टेशन होतं, एवढंच. खाली तुमचा अंगठा लागेल."

ती उठून उभी राहिली. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण पंधरा दिवसांपूर्वी तिथं फिती घेऊन माणसं आली होती. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मापं घेतली, जागा कुणाची म्हणून विचारलं आणि गेली. त्या संध्याकाळी वस्तीत ठरलं होतं, की इथं कधी रेल्वे होती असं कुणीही तोंडातून काढायचं नाही. होती म्हटलं की जागा रेल्वेची ठरली. मग मासळी सुकवायची कुठे?

"आत्ता समजलं मना," ती बुधाजीला म्हणाली. "दर आयतवारी कोट घालून येतोस. मी आपली जुनी वलख म्हनून चाय पाजते. नि तू मापवाल्यांचा मानूस!"

"पुतळे, नाय गं. हे चाळीचं काम आहे."

"चाळीला माझ्या आंगठ्याशी काय काम? लिव रं तू. लिव. इथं ठेसन कधी नव्हतं! माझ्या आजेसासऱ्यापासून इथं बोंबील सुकतायत. लिव ते!"

आजूबाजूच्या चार-पाच बायका गोळा झाल्या. "काय झाला गो?" "ठेसन विचारतायत!" "कनचं ठेसन? आमी नाय बघितला." "मी इथं जल्मले, मना नाय दिसला कधी." सगळ्याजणी एका आवाजात बोलत होत्या. आम्ही बसलो होतो ते जोतं केबिनचंच होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. बुधाजीनं पेला खाली ठेवला, आणि आम्ही निघालो. त्या दिवशी पुडकं मिळालं नाही.

बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो. मला शरम वाटत होती आणि एक प्रकारे आनंदही होता. मी म्हणालो, "बाबा, काळजी करू नका. ती तुम्हाला केबिनवाल्या म्हणाली. पाटीची गोष्ट सांगितली. अंगठा नसला तरी मी माझ्या कानानं ऐकलं आहे. मंडळात सांगतो."

"नको."

"का?"

"तुम्ही मंडळात सांगणार. कोंडीराम गिरणीत सांगणार. आपल्या चाळीतले दोघं रेल्वेत आहेत, ते तिकडे सांगणार. कुलाब्याची कोळीण स्टेशन होतं म्हणाली, असं फिरत फिरत मापवाल्यांपर्यंत जाईल."

"अहो, रेल्वेच्या नकाशात असेलच ना स्टेशन! तिच्या सांगण्यानं काय होतंय?"

"नकाशात असेल. तिच्या तोंडून नको. तिला भीती आहे ना, तर नको."

"आणि तुमचं काय? जाईकाकींचं काय?"

तो म्हणाला, "मंडळात काय सांगणार ते ऐका. बाई नाही म्हणाली. त्यापुढे काही नाही. म्हणा परत."

मी समोर बघू लागलो.

"म्हणा शामराव. परत म्हटल्याशिवाय मला कळायचं कसं?"

"बाई नाही म्हणाली," मी म्हणालो.

"पुढचं."

"त्यापुढे काही नाही."

त्यानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या मनात येऊन गेलं, की हा मला खेळवत तर नसेल? बाई, तिच्या शिव्या, हे सगळं ठरवून तर नसेल? बोरीबंदरला तो हवालदार दिसतो का म्हणून मी बघितलं. नव्हता.

संध्याकाळी मंडळाची खोली भरली होती. बुधाजी भिंतीपाशी उभा होता.

"काय रे शामराव?"

"बाई नाही म्हणाली."

"अंगठा?"

"नाही."

"स्टेशन तरी होतं म्हणाली का?"

"बाई नाही म्हणाली."

"आणि हे तिथं नोकरीला होते, ते?"

"बाई नाही म्हणाली."

"आयला, हा पण गमरेबाबासारखाच बोलायला लागला!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. कोंडीराम माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं ठराव वाचला. बुधाजी तो संपेपर्यंत थांबला आणि जाईबाईला घेऊन निघून गेला.

मी शब्द पाळला म्हणून गप्प बसलो, की चार माणसांत उठून बोलायची हिंमत नव्हती म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही खरं असेल. कागद मी काढला नसता तर हे झालंच नसतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून जाईबाई नळावर गेली की बायका हंडे बाजूला घेऊ लागल्या. तीन दिवस मी ते बघितलं. चौथ्या दिवशी कामावरून येताना मी घरी न जाता बुधाजीच्या खोलीत गेलो, दार उघडं ठेवून बसलो आणि चहा मागितला.

जाईबाई म्हणाली, "पिलात तर तुम्हालाही काढतील."

"काढू दे."

"बायकोला विचारलंत?"

"नाही."

"मग साखर जास्त घालते. घरी गेल्यावर गोड लागायचं नाय काही."

माझी बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कोंडीरामनं मला जिन्यात गाठलं. "काय पाजलं रे तुला त्यानं?" मी चहा म्हणालो. ते त्याला खोचक वाटलं असावं. मंडळानं माझंही नाव कापलं.

ऑक्टोबरात आम्ही सगळे नागपूरला गेलो, दीक्षा घेतली. बुधाजी आणि जाईबाईही आले, वेगळ्या डब्यातून. त्या लाखांच्या गर्दीत कोंडीरामचं कुटुंब आणि ते दोघं जवळजवळ उभे राहिले होते, असं जाईबाई सांगायची. परत आल्यावर ती वाळीत टाकायची गोष्ट आपोआप सैल झाली. कुणी ठराव उठवला नाही. फक्त बायका हंडे बाजूला घेईनाशा झाल्या. पोलिसांना कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बुधाजी रविवारी कुलाब्याला जायचा मात्र थांबला. "आता ती घाबरते मला बघून," एवढंच म्हणाला. एकोणसाठ सालच्या मार्चमध्ये तो वारला. सगळी चाळ आली, कोंडीरामनं खांदा दिला. परत येताना माझ्या पुढे चाललेला एकजण म्हणाला, "काही म्हणा, माणूस चांगला होता. ते तेवढं एक सोडलं तर."

मी तेव्हाही काही बोललो नाही. कुलाब्याच्या त्या मैदानावर बोंबलांच्या दोऱ्या अजून होत्या, आणि मी बुधाजीला शब्द दिला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी कोंडीराम माझ्याकडे आला. त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी त्यानं मुंबईचा जुना नकाशा बघितला होता. "होतं रे स्टेशन," तो म्हणाला. "कुलाब्याला. मोठं होतं."

"होतं."

"मग ती कोळीण नाही कशाला म्हणाली?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे. तू तेव्हाही काहीतरी लपवत होतास. तुम्हा दोघांचं काहीतरी होतं." तो चहा तसाच ठेवून गेला. नंतर मंडळाच्या कामाचं तो माझ्यासमोर बोलत नसे.

आता कोंडीराम नाही, जाईबाई नाही. पुतळाबाई तर कधीच गेली. म्हणून गेल्या महिन्यात मी काठी टेकत त्या वस्तीत गेलो आणि तिच्या नातवाला शोधून काढलं. सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या आजीनं माझ्यासमोर स्टेशन होतं असं सांगितलं होतं, ते मी बाहेर सांगितलं नाही, म्हणून एका माणसाची बदनामी मला पुसता आली नाही, आता लिहिलं तर चालेल का?

तो हसायला लागला. "काका, इथं स्टेशन होतं हे सगळ्यांना माहीत आहे."

"मग लिहू?"

"लिहा की." मी उठलो तसा तो दारापर्यंत आला, बाहेर दोन्ही बाजूंना बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त माझं नाव घालू नका हां."

ते घातलेलं नाही.